वाळीत टाकलेल्याचं भाषण

आता आपलीच फजिती आपल्याच तोंडाने सांगायची म्हणजे… चहा घ्या आधी, सांगतो.

अलिबागच्या कोर्टात मी तीस वर्षं कारकुनी केली. वकील झालो नाही, पण वकिलांची हवा अंगात शिरली. कुठे वाद दिसला की जीभ वळवळते. त्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वादसभा ठेवली. विषय काय? दोन बायकांना, दोन पुरुषांना लग्नाचा हक्क हवा, हा लढा जातीविरुद्धच्या लढ्याएवढाच मोठा आहे का?

म्हटलं, यावर माझ्याशिवाय कोण बोलणार! जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने आम्हाला सात वर्षं वाळीत टाकलेलं. वाणी मीठ देईना. बाप गेला तेव्हा खांदा द्यायला गावातलं एक माणूस आलं नाही हो. कोर्टातले शिपाई आणले मी.

वादसभेच्याच दिवशी मुलगी आली, मेघा. न्हावा शेव्याला नोकरी करते. सोबत मैत्रीण शलाका. चार वर्षं दोघी एकत्र राहतात. मेघा म्हणाली, "बाबा, तुमच्याशी जरा बोलायचंय."

"नंतर गं! आधी भाषण ऐका माझं!"

आणि काय बोललो म्हणता! "आम्ही भोगलं, त्याच्याशी या शहरी हौशीची तुलना? आम्हाला मीठ मिळत नव्हतं, मीठ!" टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मागे बसलेल्या दोघींकडे बोट केलं. "या बघा दोन मैत्रिणी! एकत्र राहतात, सुखात आहेत. यांचं लग्नावाचून काही अडलंय का? उठा गं, दिसू द्या लोकांना!"

उठल्या बिचाऱ्या. लोक हसले. शलाकाने मान खाली घातली. मला वाटलं, लाजली!

घरी आल्यावर मेघा म्हणाली, "बाबा, हेच बोलायचं होतं. अडलंय आमचं. शलाका दवाखान्यात होती तेव्हा सही करायला गेले, तर विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? काय सांगणार होते मी?"

तेव्हा तरी गप्प बसावं की नाही माणसाने? छे! मी म्हणतो, "पण मेघा, जातीचं वेगळं असतं गं…"

वाक्य पुरं व्हायच्या आत दोघींनी बॅगा उचलल्या. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या होत्या, तशाच राहिल्या. तीन महिने झाले, मेघा फोन उचलत नाही.

आणि त्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात कोण उभं? गावकीचे जुने प्रमुख! ज्यांनी आम्हाला वाळीत टाकलं, तेच. वाळीत टाकणं कधीच संपलं होतं, पण यांचा पाय काही आमच्या घराला लागला नव्हता. पाठीवर थाप मारून म्हणतात, "काल काय बोललास रं! आता तू खरा आमच्यातला झालास."

अहो, हे ऐकायला मी आयुष्यभर तळमळलो होतो! आणि ऐकलं तेव्हा मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला घेतला येकदाचा गावात. आता पोरीला वाळीत कुनी टाकला, ता बी सांगा त्यांना."