देवी आली, देवी काढली

"थितंच थांब. ओट्याला शिवू नको!" मालकीण माझ्या आईवर ओरडली.

आई अंगणात उभी. कडेवर दहा महिन्यांचा बाळ्या, माझा भाऊ. मी नऊ वर्षांची, तिच्या पदराआड. ओट्यावर देवी काढणारा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणारा, सरकारी माणूस मालकिणीच्या नातवाला सुई टोचत होता.

"माझ्या लेकराला बी टोचा की, सायब," आई म्हणाली.

"तुमच्या वस्तीत देवी मुक्कामाला आलीय अन् तिला सुई दाखवता? कोपली म्हंजी गावात शिरल. बसू द्या तिला तिकडंच."

असं म्हणून मालकिणीनं तांब्यातलं पाणी आईच्या तोंडावर फेकलं. दुष्काळ होता. घागरभर पाण्यासाठी आम्ही कोसभर चालत होतो. तिच्याकडं फेकायला पाणी होतं.

दुपारी तो माणूस आपणहून आमच्या वस्तीत आला. आई भ्याली. देवीला भ्याली आणि मालकिणीलाही. तिनं झोपलेल्या बाळ्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं आणि आत अंधारात बसली. मी दारातच सापडले. त्यानं माझ्या दंडावर टोचलं.

"घरात आणखी कोण हाय?"

"कोणी न्हाई."

तो गेला. बाळ्या झोपेत नुसता कुरकुरला असता तरी वाचला असता.

पंधरवड्यानं त्याला ताप भरला. मग अंगभर फोड. देवी घरात आली म्हणून आईनं फोडणी बंद केली, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. नवव्या दिवशी बाळ्या गेला.

"देवीनं नेलं. भाग्याचं लेकरू," मालकीण म्हणाली आणि आम्हाला गोठा झाडायला लावलं. नातू समोर खेळत होता. त्याच्या दंडावर खपली धरली होती, माझ्यासारखीच. त्यांच्यात देवी काढायची. आमच्यात देवी यायची. शब्द एकच, आणि मधे माझा भाऊ मेला.

मी खराटा टाकला. "न्हाई झाडणार." आईनं तिथंच मला बडवलं. मी खराटा उचलला नाही.

पण खराटा टाकून काय होतं? भीती मालकिणीनं घातली, डालगं आईनं घातलं, खोटं मी बोलले. आईनं मरेपर्यंत मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी नर्स होऊन त्याच गावात लशीचा डबा घेऊन गेले. मालकीण म्हातारी झाली होती. ओट्यावर तिची नातसून तान्ही पोर घेऊन बसली होती.

"दुसरी कुणी पाठवा," मालकीण म्हणाली.

"दुसरी यायची न्हाई." मी ओटा चढले. नातसुनेनं पोर पुढं केली. मी टोचलं.

माझ्या दंडावरचा वण अजून आहे. त्याच्यावर माझा हक्क अर्धाच आहे. कुठल्याही दारात, मालकाच्या की मजुराच्या, "घरात कोणी न्हाई" ऐकलं की मी आत जाते. डालगं उचलल्याशिवाय मी परत फिरत नाही.