डाव्या हाताचा सलाम

शिवगंगाबाईंची भिंत अर्धीच पोतारून झाली होती. पांढऱ्या मातीत बुडवलेलं फडकं हातात तसंच राहिलं, कारण उरलेल्या अर्ध्या भिंतीवर त्यांच्या यजमानांनी, वीरप्पा मास्तरांनी, दोन खिळे ठोकून बारादरीचा नकाशा टांगला.

नळदुर्ग आणि अणदुराच्या मधल्या त्यांच्या गावात ती बारादरी, बारा दारांची जुनी इमारत, हयात माणसांपैकी कुणीच पाहिली नव्हती. आजोबांच्या काळात पडली, दगड सडकेला गेले, टेकाड तेवढं उरलं. निजामाचं राज्य गेल्यावर कचेरीतले उर्दू कागद रद्दीत निघाले, तेव्हा मास्तरांनी हा नकाशा भज्यांच्या गाड्यावरून, तेल लागायच्या आत, सोडवून आणला होता. पेन्शनीत निघालेल्या ड्रॉइंग मास्तराला एवढं उद्योगाला पुरे झालं.

मग शेजारच्या अजीजाबीकडं त्याच इमारतीचा एक जुना फोटो निघाला. नकाशात जिना उजवीकडं, फोटोत डावीकडं. दुसरा कुणी गप्प बसला असता. मास्तरांनी ग्रामपंचायतीत व्याख्यान दिलं: बारादऱ्या दोन होत्या, जुळ्या, पाठीला पाठ केलेल्या. दुसरी येत होती टेकाडाच्या डाव्या अंगाला, म्हणजे नेमकी मास्तरांच्याच परसात. ही गोष्ट त्यांना फार आवडली. फोटोतला पायरीवरचा शिपाई डाव्या हातानं सलाम करत होता, त्यावरून तो बंडखोर होता, हेही त्यांनी सांगून टाकलं.

सरपंच हिंमतराव खूश झाले. नारळ फोडायला जिल्ह्याच्या साहेबांना बोलावणं गेलं, सोमवारी परस उकरायचं ठरलं. परसात मधोमध शिवगंगाबाईंचा बेल होता. त्याच्या पानाशिवाय त्यांची लिंगपूजा कधी झाली नव्हती.

"बेल सोमवारी तोडायचा म्हंतात," त्या म्हणाल्या. "महादेवाच्या वारी."

"इतिहासापुढं एक झाड काय घेऊन बसलीस?"

"इतिहास पूजेला पान देतो का, तेवढं इचारून ठिवा."

त्याच दुपारी अजीजाबी फोटो मागायला आली. "मास्तर, फोटोतल्या आमच्या आजाला, दादामियाँला, तुमी चावडीवर बंडखोर म्हनलात म्हनं."

"उलट्या हाताचा सलाम म्हणजे बंडच की."

"उलट्या हातानं त्यांनी कधी पानीबी पिलं न्हाय. अन् बायकोपुढं ज्यांचा आवाज निघत नव्हता, ते निजामापुढं बंड करतात व्हय?"

एका दिवसाच्या बोलीवर फोटो राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दाढीला बसले. फोटो मागं फळीवर टेकवलेला होता. आरशात पाहतात तो दादामियाँ उजव्या हातानं, अगदी अदबीनं सलाम करत होते, आणि जिना नकाशातल्यासारखा उजवीकडं होता. तेव्हा फोटो काचेवरून छापत; छापणाऱ्यानं ती काच उलटी ठेवली होती, एवढंच. बारादरी एकच होती. मास्तरांच्या गालावरचा साबण वाळून गेला.

शिवगंगाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग आधी सरपंचाकडं जाता, का आधी दुसरा गाल करता?"

हिंमतराव ओसरीवर सुपारी कातरत होते. "मास्तर, आता एक म्हनून कसं चालंल? एका बारादरीसाठी साहेब येत न्हाईत. फोटो सुलटा का उलटा, कोन बघतंय? खड्डा तर व्हईल."

मास्तरांच्या डोळ्यांपुढं बेल आला, बेलापाठोपाठ बाईंचं तोंड आलं. ते खाकरले. "बरं. मग फोटो सुलटा धरून उकरू. सगळंच उजवीकडं सरकतं. दुसरी बारादरी येती टेकाडाच्या उजव्या अंगाला, तुमच्या पानमळ्यात."

या बोलण्याला काडीचा आधार नव्हता, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण त्यांचं आजवरचं कुठलंही संशोधन इतक्या झटकन कुणाला पटलं नव्हतं.

अडकित्ता थांबला. "एकच असंल," हिंमतराव म्हणाले. "लोक उगं वाढवून सांगतात. साहेब टेकाडावरच नारळ फोडतील. पन पाटी रंगवायला दिलीया, 'जुळ्या बारादऱ्या' म्हनून. ते तुमीच निस्तरा."

पाटी अजीजाबीच्या पोराकडं, रंगारी मुनवरकडं होती. मास्तर तसेच तिकडं निघाले, 'जुळ्या' पुसून 'बारादऱ्या'ची 'बारादरी' करून घ्यायला.