नाकवाल्या भाऊंचा प्रश्न

आमच्या नेरमध्ये वॉशिंग मशीन खोलणारे चार जण सापडतील, पण मशीनला हात लावण्याआधी ड्रममध्ये अख्खं तोंड घालून वास घेणारे भाऊ एकच होते. त्यांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. नाकवाल्या भाऊंना बोलवा म्हटलं की भागायचं. वास घेऊन झाला की कमरेवर हात ठेवून ते सरळ उभे राहायचे आणि घरातल्या बाईकडे बघून विचारायचे, “याच्यात पयले काय टाकलं?” भल्याभल्या बायकांची बोबडी वळायची, कारण प्रत्येकीनं काही ना काही टाकलेलं असायचंच.

करणार काय? आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धं पाणी आणि अर्धा चुना. वर्षभरात ड्रमवर पांढरी खपली धरते आणि कपडे पुठ्ठ्यासारखे कडक निघतात. मग एखादी संडासाचं तेजाब ओतते, एखादी फिनाईल. भाऊंना याचा भारी राग. “मशीनचं पोट आहे ते. पोटात संडासाचं औषध कोणी टाकते काय?” त्यांचा इलाज साधा होता. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे लिंबूसत्त्व, कढत पाण्यात विरघळवून ओतायचं, दोन मिनिटं मशीन फिरवायची, तासभर थांबायचं, पुन्हा फिरवायची. ड्रमच्या भोकांना पांढरं व्हिनेगर आणि दातांचा जुना ब्रश. खपली पापुद्र्यांसारखी सुटून यायची.

शाळेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या बाईंनी एकदा देवाशपथ सांगितलं की काहीच टाकलं नाही. भाऊ म्हणाले, फिनाईल आहे, आणि तेही गुलाबाचं. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. भाऊंनी साध्या पाण्यानं मशीन तीनदा धुऊन काढली आणि मगच लिंबूफुलाची पुडी फोडली. ते म्हणायचे, “आंबट वस्तूचं अन् पाव्हण्याचं सारखंच. आत आधी कोण बसलं आहे ते पाहूनच दार उघडा लागते.” ब्लिचिंग पावडर आत असली तर साधं लिंबूफूलसुद्धा जहर होतं, हेही त्यांनी आम्हाला दहादा सांगितलं होतं. आम्ही हो हो म्हणायचो आणि विसरायचो.

त्या मोठ्या साथीत भाऊ पंधरा दिवस दवाखान्यात होते. परत आले ते निम्मे होऊन. कामाची पद्धत तीच राहिली, ड्रममध्ये तोंड घालणंही तेच, फक्त प्रश्न आता दोनदा-तीनदा यायला लागला. एकदा ते आमच्या न्हाणीघरात काम करत होते आणि शेजारी स्वयंपाकघरात माझं दूध उतू जाऊन पातेलं काळं कोळसा झालं. मी अंगणातून धावत आले. घरभर करपट वास कोंडला होता आणि भाऊ शांतपणे स्क्रू पिळत बसले होते. मला वाटलं, काय तल्लीन माणूस आहे! माझ्या अकलेची धाव तेवढीच.

आता माझ्या पापाकडे येते. पावसाळ्याआधी टाक्यांसाठी मिळालेली ब्लिचिंग पावडर सासूबाई न्हाणीघरात डब्यात ठेवतात, मोरीत टाकायला. आदल्या वर्षी मी ती मशीनमध्ये टाकून वास घालवायला गेले आणि पुढच्याच धुण्यात सासूबाईंच्या माहेरच्या लुगड्यावर पांढरे डाग पडले. त्यांच्या आईनं घेतलेलं ते शेवटचं लुगडं. त्या दिवशी त्यांनी बजावलं, मशीनमध्ये पुन्हा ब्लिचिंग दिसलं तर माझ्याशी गाठ आहे. तरी यंदा मशीनला कुबट वास यायला लागला तेव्हा सासूबाई देवळात गेल्या असताना मी गुपचूप अर्धा ग्लास पावडर टाकली, थोडं पाणी सोडलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. पाणी तसंच तळाशी राहिलं. लाईट आली ती भाऊ दारात उभे असताना, आणि त्यांच्या मागोमाग सासूबाई. मशीनच्या वासासाठी त्यांनीच देवळातून येता येता भाऊंना बोलावून आणलं होतं.

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, पण घरातलं कुठलंही काम त्यांच्या नजरेखालून गेलं पाहिजे. त्या न्हाणीघराच्या दारातच पाट टाकून बसल्या. भाऊंनी विचारलं, “ताई, याच्यात पयले काय टाकलं?”

मी म्हटलं, “काही नाही भाऊ. साधं पाणी आहे.”

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग भाऊ वाकले आणि त्यांनी ड्रममध्ये तोंड घातलं. मला तर उभ्याउभ्या तो वास येत होता. सासूबाईंना वाटलं असेल मोरीचा आहे. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, आता पकडतील तर बरं, एकदाची सुटेन. भाऊ सरळ झाले आणि म्हणाले, ठीक आहे. मी सुटकेचा श्वास सोडला. भाऊंचं नाक ठीक म्हणतं तर पावडरीचा जोर गेला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

त्यांनी लिंबूफूल विरघळवलेल्या कढत पाण्याचं भगोणं ड्रममध्ये ओतलं. हिरवट पिवळी वाफ वर आली. भाऊ खोकले, मागे सरले, आणि एका क्षणात त्यांना काय ते समजलं. आधी त्यांनी सासूबाईंना काखेत धरून पाटावरून उचललं आणि अंगणात नेऊन बसवलं. मला बाहेर ढकललं. मग तोंडाला रुमाल लावून ते परत आत गेले, कारण न्हाणीघराची खिडकी बंद होती आणि वाफ घरात शिरत होती. खिडकी उघडून बाहेर आले तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं.

आम्ही दोघांनाही यवतमाळला नेलं. सासूबाई दम्याच्या औषधाची वाफ दिल्यावर लवकर सावरल्या. भाऊंचा खोकलाही तासाभरात कमी झाला. डॉक्टरांनी विचारलं, मशीनमध्ये काय काय होतं? भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिंबूफूल. थोडं जास्त पडलं. माहीच चूक.” डॉक्टर म्हणाले, मग काळजी नाही, घरी जाऊ द्या. सासूबाई बाजूला बसल्या होत्या. भाऊ चपला शोधायला लागले.

“डॉक्टर, त्यात ब्लिचिंग पावडर होती,” मी म्हटलं. “अर्धा ग्लास. मी टाकली होती.”

डॉक्टरांनी भाऊंना तिथल्या तिथे परत झोपवलं. हा वायू आत जाऊन बसतो आणि फुप्फुसं काही तासांनी सुजतात, म्हणाले. तसंच झालं. दिवस मावळता मावळता भाऊंचा श्वास इतका चढला की ऑक्सिजन लावूनही त्यांचे ओठ निळे पडले होते. तेव्हा ते नेरच्या रस्त्यावर बसमध्ये असते तर? हा विचार मी आजही पुरा करत नाही. सासूबाई बाकावर माझ्या शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, “लुगडं गेलं त गेलं असतं. माणूस जात होता न वं.”

तिसऱ्या दिवशी भाऊंचा मास्क निघाला. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय ओढून घेतले. “तुमची एकटीची चूक नाही, ताई. माह्यं नाक त्या बिमारीतच गेलं. कायचाच वास येत नाही. लोक बोलावनार नाही म्हून मी तोंड घालून नुसतं नाटक करून राह्यलो होतो. लोकाइच्या शब्दावर काम चालू होतं.”

त्यांना उरलेला आधार शब्दांचा होता, आणि मी नेमका तोच खोटा दिला होता.

त्यानंतर भाऊंनी काम सोडलं. लेक त्यांना मारेगावला घेऊन गेली. दिवाळीनंतर मी आणि सासूबाई भेटायला गेलो, सोबत सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा होता. भाऊ ओसरीत खुर्चीवर बसले होते. वाळले होते, पण हसले. डबा उघडून त्यांनी सवयीनं नाकाशी नेला आणि हळूच खाली घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, याच्यात काय टाकलं?”

मी सगळं सांगितलं. बेसन, सांबार, खसखस, तीळ, खोबरं, मसाला. आणि पारीत चिमूटभर खाण्याचा सोडा. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं त्या माझ्या वड्यांचा खुसखुशीतपणा स्वतःच्या शिकवणीचा म्हणून गावाला सांगत होत्या.

“आखीन?” भाऊंनी विचारलं.

“आणखी काही नाही, भाऊ.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, वडी मोडली आणि तोंडात टाकली.