माळावरची पिवळी फुलं

माझ्या बायकोच्या मामांना झाडं ओळखू येतात, माणसं नाहीत, असं कोल्हापुरातली सबंध राजारामपुरी म्हणते आणि त्यात फारसं खोटं नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला कुणीतरी पाहुणा समजून थांबवलं आणि त्याच्याच हारातली फुलं सोलून त्याला दाखवली. पिवळा धोतरा तर त्यांचा हळवा विषय. त्याला धोतरा म्हणणाऱ्याला ते रस्त्यात अडवून सांगायचे, की हा अफूच्या घराण्यातला. वर्षाच्या आत उगवून, फुलून, मरून जाणारा.

गेल्या थंडीत हेच झाड दाखवायला मी त्यांना कसबा बावड्यापलीकडच्या एका माळावर घेऊन गेलो. भर दुपारची वेळ. साखर कारखान्याचा गोडसर वास येत होता, आवाज मात्र कसलाच नव्हता. सगळ्या माळावर वाळलेलं कुसळ, आणि मधोमध दोन माणसं शेजारी-शेजारी निजावीत एवढाच पिवळ्या फुलांचा तुकडा. मामा उकिडवे बसले. काटेरी पानं, त्यांवर पांढरट शिरा, कागदासारख्या पाकळ्या. देठ मोडताच हळदीच्या पाण्यासारखा चीक त्यांच्या बोटावर आला. झाडाची ओळख पटली, तरी मामा खूश दिसेनात.

"जावईबापू, हे उकरलेल्या मातीत येतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "बाकी माळाला कुणी कुदळ लावल्याली दिसत न्हाय."

म्हणजे इथं कुणाला तरी पुरलं असणार. पोलिसांना कळवावं का, असं मी विचारलं.

"पावणं, जरा बाजूला व्हा की."

उसाच्या वाड्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा घेतलेली एक बाई आमच्या मागं कधी येऊन उभी राहिली, कळलंच नव्हतं. तिनं भारा उतरवला आणि मूठभर हिरवं वाडं फुलांच्या कडेला ठेवलं. तिथं तिची म्हैस पुरली होती. व्यायला अडली आणि पोटातल्या रेडकासकट गेली. मुलगा-सून इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला, घरात ती आणि म्हैस दोघीच. ही फुलं म्हशीनंच धाडली, असं ती मानायची. तिच्या पदराच्या गाठीत त्याच झाडांच्या बोंडांतलं काळं बी होतं. मोहरीच समजून ती ते आज फोडणीला घालणार होती.

मामांनी तिच्यापुढं दोन्ही हात जोडले. "ही मोहरी न्हवं, बाई. ईख हाय हे, पोटात गेलं तर माणूस मरतंय. घरात नेऊ नका."

गाठ सोडून तिनं बी फुलांतच झटकलं आणि खाली बसून रडू लागली.

"नाव काय हुतं तिचं?" मामांनी विचारलं.

"गंगी."

मामा चपला काढून तिच्याशेजारी मातीतच बसले. गंगीला काय आवडायचं, कशी हाक मारली की ती यायची, हेच विचारत राहिले. एवढा वेळ माणसाशी बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. उन्हं कलली. मी लांबून त्या दोघांच्या पाठी बघत उभा राहिलो. चला म्हणावंसं वाटेना.