मूर्तिजापूर पडलं? पडू दे

"सबूर! अरे सबूर! समोर कोंडलं दिसून राह्यलं, तरी रेटूनच राह्यला काय?"

सर बनियनवर गॅलरीत उभे राहून ओरडत होते. खाली अमरावतीच्या राजापेठेत शिकवणीचे वर्ग नुकतेच सुटले होते आणि साडेतीन लाख दुचाक्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. मोजल्या असत्या तर शंभर भरल्या असत्या, पण हॉर्न साडेतीन लाखांचेच होते. सरांनी एकेकाला शर्टाच्या रंगावरून हुकूम सोडला. पिवळा थांबला, निळा मागे सरकला, आणि आत सरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, चहा उकळायच्या आत रस्ता मोकळा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जागा नाही दिसली का हात आखडायचा. मी साऱ्या जगाले एवढंच सांगून राह्यलो, गजू."

कॉलेजात त्यांना सगळे सबुरी सर म्हणत. मी अकोल्याचा, त्यांच्या हाताखाली एम.ई. करायला आलेलो. 'साऱ्या जगाले' ही मला थाप वाटली, कारण थापा हा माझा प्रांत. पण ती थाप नव्हती. इंटरनेटवर माहितीची ने-आण कशी करायची, याचे नियम जगभरचे इंजिनिअर ईमेलवर भांडून ठरवतात. तिथे भांडायला ओळख लागत नाही की पदवी लागत नाही. बोलण्याचा आवाज आणि हलतं चित्र नेण्यासाठी तेव्हा एक नवा नियम तयार होत होता, आणि गॅलरीत बनियनवर येणारा हा माणूस रोज पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून, वरचं बटणसुद्धा लावून, त्यात भांडायला बसे.

नियम म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला दोन पोस्टमन सांगितले. एक सही घेतल्याशिवाय दारातून हलत नाही. घरमालक गावाला गेला असेल तर ओट्यावर मुक्काम करतो. दुसरा कुंपणावरून टपाल भिरकावून पळतो. ते अंगणात पडलं की नालीत, मागे वळून बघत नाही. "आपल्याले तिसरा पाहिजे," सर म्हणाले. "फेकते तं तोही. पडलं ते उचलाले परत येत नाही. पण अंगणात ढीग दिसला का हात आवरते."

शिकवायचेही तसेच. एखादं वाक्य निसटलं आणि कुणी 'सर, पुन्हा' म्हणालं, की उत्तर ठरलेलं, "गेलं ते गेलं, पुढचं आयक." नजर मात्र कायम आमच्या मानांवर. माना हलत राहिल्या की वेग वाढायचा, थांबल्या की निम्मा. शेवटच्या बाकावर दोघं पेंगले तर सर इतकं सावकाश बोलायचे, की वाक्य सोमवारी सुरू होऊन क्रियापद बुधवारी यायचं.

नव्या नियमात सरांचा एकच परिच्छेद जाणार होता. पाठवलेलं मिळालं की समोरून 'मिळालं' असा इशारा येतो, सर त्याला पोच म्हणत. पोच नाही आली तर वेग निम्मा करायचा, तरीही नाही आली तर त्याच्याही निम्मा, पण पूर्ण बंद करायचं नाही, एवढं आधीच ठरलेलं होतं. सरांचं भांडण पुढचं. निम्मं करण्याआधी आमच्यासारख्या लाइनींवर थोडी जास्त वाट पाहा, आमच्याकडे पोच येते, फक्त उशिरा येते. उभी हयात खडूत गेलेल्या या माणसाला तेवढा एक परिच्छेद छापून यायला हवा होता. "शेवटी माह्या नावाखाली बारीक अक्षरात अमरावती येईल," असं ते फक्त काकूंना म्हणाले होते. काकूंनी ते साऱ्या गल्लीला सांगितलं.

पण भांडणाला पुरावा लागतो. ठरलं असं, की सात दिवस दुपारी बारा ते तीन सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून अकोल्याला माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आवाज पाठवायचा, आणि किती तुकडे आले त्याचा तक्ता मी आठवडाभर तिथे राहून करायचा. आवाज सरांचाच, एसटीचे थांबे वाचणारा. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. पहिल्याच दिवशी लाइन अशी तुंबली, की मूर्तिजापूर वाटेतच गळालं. मी घाबरून फोन केला तर सर खूश. "मूर्तिजापूर पडलं? पडू दे. बोरगाव तं आलं ना!"

मंगळवारी माझ्या चुलतभावाचा साखरपुडा होता. मी कॉम्प्युटर बंद केला, पंगतीत चौदा गुलाबजाम खाल्ले (हा आकडा खरा आहे), आणि संध्याकाळी घरी येऊन मंगळवारचा तक्ता रचला. मला त्यात अवघड काय? इतके आले, इतके पडले, खरं वाटावं म्हणून मध्येच एक मूर्तिजापूर गाळलं. तक्ता असा देखणा उतरला, की माझाच त्यावर विश्वास बसला. सरांनी तो न तपासता आपल्या नोंदींशेजारी लावला आणि जगाला पाठवून दिला. गजूचा होता ना.

महिन्याभराने दूरदेशीच्या एका गृहस्थाने फार सभ्यपणे विचारलं, की मंगळवारी तुमच्याकडे पाठवल्यापेक्षा पोचलेलं जास्त कसं? त्या दुपारी राजापेठेत लाइटच नव्हती. सरांच्या कॉम्प्युटरमधून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं, आणि माझ्या तक्त्यात मूर्तिजापूर सोडून सगळे थांबे अकोल्याला सुखरूप उतरले होते.

सरांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. "गजू, मंगळवारी तुह्याकडे काही आलं होतं काय?"

"आलं होतं ना, सर."

मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मेळघाटातला वाघ माझ्या डब्यातली भाकर खाऊन गेला, ही थाप मी चाळीस वेळा मारली आहे आणि चाळीसही वेळा लोक पोट धरून हसले आहेत. ही चार शब्दांची थाप मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

सरांनी जगाला कळवलं, "चूक माझी आहे, तक्ता आणि परिच्छेद दोन्ही मागे घेतो." माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. पुढे नियम छापून आला. मी तो शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचला. अमरावती नव्हती. त्याच सुमाराला मला अकोल्यात नोकरी लागली. शिफारस सरांची.

त्यानंतर दर रविवारी सरांचा फोन यायचा. मी उचलायचो नाही. बायकोला सांगायचो, बाहेर गेलो म्हण. मग फोन पंधरा दिवसांनी येऊ लागला. मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग चार. शेवटी फक्त दिवाळीला. रागावले असतील, असं मी धरून चाललो आणि, लपवत कशाला, मला बरंच वाटलं.

या दिवाळीला फोन दोनदाच वाजला आणि बंद पडला. आता हाही थांबणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी अमरावतीची एसटी धरली. मूर्तिजापूर आलं तेव्हा मान वर केली नाही.

सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खाली तीच कोंडी. पण आता ते ओरडत नाहीत, नुसता हात वर करतात आणि खाली कुणी बघत नाही. मी वाटेत एक जोरदार भाषण रचलं होतं, त्यातला एक शब्द आठवला नाही. साखरपुडा, गुलाबजाम, रचलेला तक्ता, सगळं भडाभडा सांगून टाकलं. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या.

"माहीत होतं," सर म्हणाले.

मग एवढा राग मनात ठेवून दिवाळीला तरी फोन कशाला करत होतात, असं मी विचारलं.

ते खाली रस्त्याकडे पाहत होते.

"राग कायचा. तुह्याकडून पोच येत नव्हती, म्हून निम्मं निम्मं करत गेलो. बंद तं नाही केलं."