मंगळवारचा रकाना

डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या लेकीकडे, मैत्रीकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझा डावा हात टेबलावर ओढून घेतला, बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे चावे एकेक करून पाहिले. काही जुने होते, पांढरे पडलेले. काही निळे. एक त्याच सकाळचा होता, अजून ओला.

"हे वेड नाही," त्या म्हणाल्या. "हे तिचं बोलणं आहे. दुसरं बोलता येत नाही, म्हणून ती असं बोलते."

मग त्यांनी कागदावर लिहिलं: ऑटिझम, सोबत बौद्धिक अक्षमता आणि चॅलेंजिंग बिहेविअर. ऑटिझम आम्हाला नवा नव्हता. मैत्री चार वर्षांची असताना नागपूरला तो शब्द कळला होता. मेंदूची घडणच वेगळी, हा रोग नव्हे, त्यामुळे औषधानं जात नाही. आता ती सतराची आहे आणि एकही शब्द बोलत नाही. चॅलेंजिंग बिहेविअर म्हणजे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं. ती मला चावायची आणि भिंतीवर डोकं आपटायची. दोन वर्षं हे चाललं होतं.

"यावर पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट म्हणून काम असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मारायचं नाही, बांधायचं नाही. ती कशासाठी असं करते ते शोधायचं आणि तेच मागायला तिला सोपा रस्ता शिकवायचा. सोबत अर्धी गोळी देते. काम जमलं तर गोळीही कमी करू. नाही जमलं तर वाढवावी लागेल. गोळी वाढली की पोरगी शांत होईल, पण मग जागी किती राहील ते सांगता येत नाही."

ही शेवटची दोन वाक्यं मी तेव्हा नीट ऐकली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. मी ऐकलं ते एवढंच की माझ्या पोरीचं बोलणं मला कळत नाही, असं ही बाई म्हणते आहे.

मी सौंदडजवळच्या एका गावात आशा वर्कर आहे. गावात कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाच्या लेकराचा कोणता डोस राहिला, हे मला वही न उघडता सांगता येतं. दुसऱ्यांच्या पोरांना ताप आला तर लोक माझ्या दारात येतात. आणि माझी स्वतःची पोरगी मलाच चावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण मला ते ऐकू यायचं.

डॉक्टरीणबाईंनी पाठवलेल्या दीपमाला मॅडम पहिल्यांदा आल्या तो मंगळवार होता. गोंदियाच्या एका संस्थेत त्या बिहेविअर थेरपिस्ट, म्हणजे वागणुकीवर काम करणाऱ्या. वय असेल अठ्ठावीस. अजून लग्न नाही, लेकरू नाही. सकाळच्या पॅसेंजरनं उतरल्या आणि स्टेशनवरून चालत घरी आल्या. मी मनात म्हटलं, ही मला पोरगी सांभाळायला शिकवणार!

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. तीन तास पलंगाच्या कडेला बसून नुसतं पाहिलं आणि लिहिलं. मी मैत्रीला पाणी दिलं, पेज दिली, केस विंचरले, उन्हातून सावलीत नेऊन बसवलं. पेजेचा चौथा घास तोंडाशी नेला तेव्हा ती चावली. मॅडमनं तेही लिहिलं.

जाताना त्या म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. चार डाव तुम्ही तिले पाणी देल्लं. तिनं एकही डाव मागतलं नाही."

"मागायची गरजच काय? मला कळते ना."

"तुम्हाले कळते, म्हणूनच ती मागत नाही. आणि जेव्हा तुम्हाले चुकीचं कळते, तेव्हा तिच्याजवळ दातच राहतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षं मी त्या पोरीच्या डोळ्यांवरून भूक ओळखली होती. नातेवाइकांत माझं कौतुक होतं, की वंदनाला पोरीच्या मनातलं न बोलता कळतं. तेवढीच एक शाबासकी माझ्याकडे होती. ती या बाईनं तीन तासांत काढून घेतली.

त्यांनी एक वही आखून दिली. तिला एबीसी चार्ट म्हणतात. प्रत्येक वाराला तीन रकाने असतात: आधी काय झालं, मग मैत्रीनं काय केलं, नंतर कोणी काय केलं. रोज लिहायचं. ही वही दर महिन्याला डॉक्टरीणबाई पाहणार होत्या. लिहायचं काम म्हटल्यावर मला बरं वाटलं. रकाने भरायला मला कोणी शिकवायला नको.

मग चार कार्डं आली. पाणी, पेज, बाहेर आणि पुरे. पहिल्या तिन्हींवर फोटो होते आणि 'पुरे'वर आडवा धरलेला तळहात. मैत्रीनं कार्ड हातात दिलं की ती वस्तू लगेच द्यायची. याला फंक्शनल कम्युनिकेशन ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे शब्दाऐवजी कामाचं बोलणं शिकवणं. मला सांगितलं होतं की काही देण्याआधी मनात दहापर्यंत मोजा आणि वाट पाहा. मी चारपर्यंत मोजायची आणि पाणी द्यायची. लेकरू तहानलेलं ठेवून आकडे मोजायचे, ही कुठली विद्या?

तिसऱ्या मंगळवारी मैत्रीनं मॅडमच्या हातात 'बाहेर' ठेवलं.

आमच्याकडे आनंदीआनंद झाला. मैत्रीचे बाबा राईस मिलमध्ये हमालांचे मुकादम आहेत. ते सहसा बोलत नाहीत, पण त्या दिवशी डोळे पुसून म्हणाले, "पाह्य, पोरगी बोलून राहिली." मॅडम तिला तलावाच्या बांधावर, पाळीवर घेऊन गेल्या. मी दारात उभी राहून दोघींच्या पाठी पाहत होते. मैत्री माझ्यासोबत पाळीवर कधी सरळ चालली नव्हती. मी खूश होते. आणि माझ्या पोटात दुखत होतं. दोन्ही एकदम होतं, हे मी आता कबूल करते.

पुढे ते वाढतच गेलं. मंगळवारी गाडीची शिटी ऐकू आली की मैत्री फाटकाशी जाऊन उभी राहायची. मॅडम आल्या की त्यांची चप्पल उचलून घरात लपवून ठेवायची, म्हणजे त्या जायला नकोत. मी दिवसभर गावात फिरून घरी आले तरी तिनं कधी मान वळवली नव्हती. मॅडमच्या केसांना ती नाक लावायची. मी दुकानातून तेच तेल आणलं आणि चोपडलं. मैत्रीनं एकदा वास घेतला आणि ती निघून गेली. मॅडमला ती कार्ड द्यायची, मला दात. शेजारीण म्हणाली, "तुमची मैत्री तं मॅडमचंच आयकते बाई!" पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून मी हसले आणि आत जाऊन भांडी आपटली.

यानंतर मी जे केलं ते सांगायला जड जातं. पण तुमच्या घरी असं लेकरू असेल आणि दुसरं कोणी त्याचं आवडतं होत असेल, तर तुम्हाला हे माहीत असायला हवं.

एका बुधवारी सकाळी मैत्रीनं डोकं आपटलं. मी वही उघडली आणि मंगळवारच्या रकान्यात लिहिलं. 'आधी: मॅडम घरी गेल्या. मग: डोकं आपटलं, पाच-सहा वेळा. नंतर: आईनं जवळ घेतलं.' एका दिवसाचाच तर फरक, असं मनाला सांगितलं. पुढच्या आठवड्यात चावा शुक्रवारचा होता, तोही मंगळवारी नेला. मग दोन चावे असे लिहिले जे झालेच नव्हते. अक्षर माझं वळणदार आहे. वही पाहून कोणालाही खरीच वाटली असती.

मला एवढंच हवं होतं की वही वाचून डॉक्टरीणबाईंनी म्हणावं, या मॅडमचा उपयोग नाही, आईच बरी.

दुसरा महिना संपला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वही वाचली, मागची पानं चाळली, पुन्हा वाचली. म्हणाल्या, "कार्डं शिकून त्रास वाढतो आहे. हे चांगलं लक्षण नाही. डोक्याला मार लागतोय, मला थांबता येणार नाही." अर्धीची एक गोळी झाली, तीही दोन वेळा. मॅडमबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी वहीत नाव मॅडमचं घातलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी त्यात मैत्रीचा त्रास वाचला.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. बाहेर बाकावर मैत्रीचे बाबा तिला केळं सोलून देत होते. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

चौथ्या दिवसापासून मैत्री सकाळी दहालाही उठेना. बसवली की कलायची. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. चावत नव्हती. डोकं आपटत नव्हती. उकडलेले शिंगाडे म्हणजे तिचा जीव, पण तेही तोंडात धरून ती तशीच बसायची.

मंगळवारी गाडीची शिटी झाली. मी मैत्रीकडे पाहिलं. तिची पापणीही हलली नाही.

मला हवं होतं ते मिळालं होतं. ती आता मॅडमकडे धावत नव्हती. ती कोणाकडेच धावत नव्हती.

मॅडम आल्या, फाटकाशी थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं. आत येऊन मैत्रीजवळ जमिनीवर बसल्या. कार्डं काढलीच नाहीत. आपल्या ओढणीनं तिची लाळ पुसत राहिल्या. मग वही मागितली. बराच वेळ वाचून म्हणाल्या, "माझंच काही चुकून राहिलं ताई. मी गेल्यावर इतका त्रास होत असेल तं मी येणं बंद करतो."

एका महिन्यापूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं! आता ते ऐकवेना. मी चहा ठेवायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. तरी बाहेर येऊन खरं बोलले नाही. फक्त एवढं म्हणाले, "उद्या आपण दवाखान्यात जाऊ. तुम्ही पण चला."

ओपीडीच्या रांगेत आमच्या पुढे बावीस माणसं होती. मैत्री बाबांच्या खांद्यावर झोपली होती. त्या दोन तासांत मी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा माघार घेतली. नंबर आला. मी वही टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मंगळवारच्या रकान्यातलं खोटं आहे. मी लिहिलं. मला मॅडमचं पाहवत नव्हतं."

मैत्रीच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "किती खोटं?" एवढंच विचारलं. मी एकेका ओळीवर बोट ठेवून सांगितलं. त्यांनी प्रत्येक ओळ खोडली. म्हणाल्या, "मी हातानं तपासते त्यापेक्षा जास्त या वहीवरून तपासते, वंदनाताई. गोळी एकदम बंद करता येत नाही, उतरवत आणावी लागेल. तीन आठवडे लागतील." मग वही मिटून म्हणाल्या, "ती तुम्हालाच का चावते, मॅडमना का नाही, कधी विचार केला? सतरा वर्षं तिचं सगळं तुमच्याकडूनच येतं. माणूस जिथून उत्तर येतं तिथंच ओरडतो."

व्हरांड्यात मॅडम फाडकन बोलल्या. "ताई, मले काढाचं होतं तं तोंडानं सांगाचं होतं. पोरीच्या अंगावर कायले लिवलं?"

मैत्रीचे बाबा मैत्रीला घेऊन पुढे चालू लागले.

मला वाटलं होतं की मॅडम आता येणार नाहीत. पण मंगळवारी शिटी झाली आणि दहा मिनिटांनी फाटक वाजलं. चार आठवडे त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायच्या. पण माझ्यासमोर बसून मला मोजायला शिकवायच्या. "हात मांडीखाली दाबून बसा ताई. आठ झाले. नऊ. अजून थांबा." पाचव्या आठवड्यात मीच न विचारता कप समोर ठेवला. त्यांनी मनात दहापर्यंत मोजलं असावं. मग उचलला.

गोळी उतरली तशी मैत्री जागी झाली. जागी झाली आणि तिसऱ्याच दिवशी मला चावली. मी इतकी खूश कधी झाले नव्हते. वहीत खरा वार लिहिला.

आज गोळी पुन्हा अर्धीवर आहे. चावे महिन्यातून दोन-तीन. डोकं आपटणं जवळपास थांबलं आहे. मॅडमची चप्पल अजून लपते. शिटी झाली की मैत्री अजून फाटकाशी जाते आणि माझ्या पोटात अजून थोडं दुखतं. ते जाईल असं मी कोणाला खोटं सांगणार नाही. पण ज्या बाईनं माझी पोरगी मला जागी परत दिली, तिच्या वाटेकडे आता मीही डोळे लावून बसते. आणि तुम्हाला एकच सांगते: हेवा वाटला तर वाटू द्या, वहीत लिहू नका.

मागच्या शनिवारी मी मैत्रीला जेवू घालत होते. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण. सहावा घास हातात होता. तिनं मान वळवली नाही, दात दाखवले नाहीत. बाजूला पडलेल्या कार्डांतून एक उचललं आणि माझ्या रिकाम्या हातात ठेवलं. माझ्या हातात ठेवलेलं तिचं पहिलं कार्ड. मी ते उलटून पाहिलं.

'पुरे' होतं.

मॅडमला पहिल्यांदा 'बाहेर' मिळालं होतं, मला 'पुरे'. वाईट वाटलं, नाही असं नाही. माझ्या मते तिचं पोट भरलं नव्हतं, अजून चार घास तरी गेले असते. मी दहापर्यंत मोजलं. मग तो सहावा घास मी माझ्या तोंडात घातला, हात धुतले आणि वही काढली.

वार: शनिवार. आधी: आई भरवत होती. मग: मैत्रीनं 'पुरे' म्हटलं. नंतर: आई थांबली.