बठ्ठासनी जागा

आमच्या मॅडम कुठंही दोन मिनिटं उभ्या राहिल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "इथं आधी काय होतं?" देवपुरातल्या चहावाल्याला, एसटीच्या कंडक्टरला, एकदा तर पंगतीत बसल्या बसल्या मंगल कार्यालयाच्या मालकालाही. म्हणून कॉलेजात त्यांचं नाव पडलं, आधी-काय मॅडम. त्यांना ते आवडत असावं असा माझा संशय आहे.

शहर वाढताना शेजारच्या गावांच्या जमिनींचं काय होतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मी त्यांची मदतनीस. "नकाशात चिखल दिसत नाही गं," म्हणायच्या आणि भर उन्हात बांधावरून तुरुतुरु निघायच्या. मी टेप सांभाळत मागून, मनातल्या मनात चरफडत.

धुळ्याला लागून असलेल्या एका गावात खळवाडी होती. अख्खं गाव तिथं मळणी करायचं. मॅडम सरपंचांशी बोलण्यात गुंतलेल्या, म्हणून बाजरी वाळवणाऱ्या एका अक्कांना मीच विचारलं, जागा कोणाची?

"कोनीच नही, माय. बठ्ठासनी शे."

फॉर्मात 'मालक' हा एवढासा रकाना, 'सगळ्यांची आहे' हे त्यात कुठं बसवणार? मी लिहिलं, 'कोणी नाही'.

पुढे विकास आराखड्यात तिथं वाहनतळ आला. गावानं हरकत घेतली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आमचाच अहवाल पुढे केला. "तुम्हीच लिहिलंय, मालक कोणी नाही." अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मॅडम उठल्या. "चूक माझी आहे. अक्कांचं अर्धंच वाक्य लिहिलं गेलं. अक्का, पूर्ण सांगा."

"बठ्ठा गावनी शे, साहेब," अक्का म्हणाल्या, आणि कुठल्या कोपऱ्यात कुठलं घर मळणी करतं तेही त्यांनी सांगून टाकलं.

परतताना रिक्षात मला रडू आवरेना. मॅडम बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. "रडतेस काय? मला सांग, हा 'बठ्ठा' शब्द आला कुठून असेल?"

खळवाडी वाचली. मॅडम गेल्या वर्षी गेल्या. परवा ग्रंथालयात त्यांचा अहवाल काढून पाहिला. शेवटच्या पानावर दुरुस्ती जोडलेली आहे : 'मालक : सर्व गाव. आधीची नोंद चुकीची. चूक प्रमुख संशोधकाची.' जागा गावाच्या नावावर लागली. माझी चूक मात्र अजून मॅडमच्याच नावावर आहे.